मेडिकलच्या काउंटरवरच्या या चुका टाळा

रात्री आठची गर्दी. चिठ्ठीवर मेटफॉर्मिन ५००, आणि हेल्परच्या हातात मेट्रोनिडाझोल ५००, म्हणजे जंतुसंसर्गाची गोळी. आमच्या जेनेरिकच्या रॅकवर एबीसीडीप्रमाणे दोन्ही डबे शेजारी-शेजारी, आकडाही तोच. आजीबाईंनी स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “ही माझी साखरेची गोळी नव्हे बाळा.” त्या बोलल्या म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी एक डबा थेट खालच्या कप्प्यात गेला.

तेव्हापासून औषध देताना “शुगरची ना?” असं विचारणं मी बंद केलं. गर्दीत माणूस कशालाही मान डोलावतो. त्याऐवजी “ही गोळी कशासाठी घेता?” असं विचारा. उत्तर चिठ्ठीशी जुळलं नाही तर थांबा. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, अंदाज नको.

लहान मुलांच्या पातळ औषधात घोटाळा जास्त होतो. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, तर १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिग्रॅ. म्हणजे १ मिली ड्रॉप्स बरोबर ४ मिली सिरप. ड्रॉप्सची सवय असलेल्या आईला सिरप दिलं आणि तिनं तेवढंच पाजलं, तर ताप उतरत नाही. उलटं झालं तर मात्र गंभीर आहे. ड्रॉप्स चमचाभर, म्हणजे ५ मिली पाजले की तान्ह्या बाळाच्या पोटात मोठ्या माणसाचे ५०० मिग्रॅ जातात. “एक चमचा” हा शब्दच काउंटरवर नको. मिली सांगा आणि ड्रॉपरवर पेनानं रेघ ओढून द्या. ड्राय सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं असतं. पावडर हलवून मोकळी करायची, पाणी दोनदा घालायचं. फेस बसल्यावर पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचं, हेही सांगायला विसरू नका.

फ्रिज. त्यात जेवणाचा डबा, दही, थम्सअप नको, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी असतं. तापमान २ ते ८ अंश हवं. थर्मामीटर लावून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. इन्सुलिन दारात ठेवू नका आणि फ्रीजरच्या भिंतीला टेकवूही नका. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसू शकतं, पण ते वापरायचं नाही, टाकूनच द्यायचं. गिऱ्हाईकाला देताना बर्फाच्या पिशवीत थेट न ठेवता कागदात गुंडाळून द्या. लाईट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही.

स्ट्रिप कापताना बॅच (कंपनीनं एका वेळी बनवलेल्या मालाचा नंबर) आणि एक्सपायरी असलेली बाजू शेवटपर्यंत राखा. एक्सपायर्ड माल ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवा, काउंटरखाली नको.

बिलावरच्या बॅचकडे दुर्लक्ष ही आपली सर्वांत जुनी खोड. कॉम्प्युटर जुनी बॅच उचलतो, हेल्पर हाताला येईल ती. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातल्या बालमृत्यूंनंतर कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएनंही (अन्न व औषध प्रशासनानं) त्या बॅचची विक्री थांबवायला सांगितलं. अशा वेळी बाटली कुणाच्या घरी गेली ते शोधायचं असतं. बिलावर चुकीची बॅच असेल तर कुणाला फोन करणार?

आणि शेड्यूल एच१ चं, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लावणारी औषधं असलेल्या कायद्यातल्या यादीचं, रजिस्टर. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे विक्रीच्या वेळीच लिहायचं आणि रजिस्टर ३ वर्षं जपायचं. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेलं पान लांबूनच ओळखू येतं, तीच शाई आणि तोच तिरपेपणा. औषध निरीक्षकालाही ते कळतं. मी रजिस्टर बिलिंगच्या कॉम्प्युटरला खेटून ठेवलंय. पेन दोरीनं बांधलंय, नाहीतर ते गिऱ्हाईकाच्या खिशात जातं.