घर घ्यायचं की भाड्यानेच राहायचं? या चुका टाळा

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा हप्ता भरलेला काय वाईट?" सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने होते, आणि गणित तिथेच फसतं.

भाडं परत येत नाही, कबूल. पण हप्त्यातलं किती परत येतं? 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर 1,000 मागे महिन्याला साधारण 9 भरावे लागतात. पहिल्या हप्त्यातले साडेसात व्याजात जातात, मुद्दल फिटतं दीड. पाच वर्षांत 540 भरून होतात आणि तरीही 887 देणं शिल्लक असतं. व्याजही भाड्यासारखंच गेलेलं असतं, फक्त ते बँकेकडे जातं.

म्हणून भाड्यासमोर हप्ता मांडूच नका. व्याज, देखभाल, मालमत्ता कर, दुरुस्त्या आणि डाउन पेमेंटची रक्कम दुसरीकडे गुंतवली असती तर मिळालं असतं ते उत्पन्न, हे सगळं एकत्र करा. त्यातून घराची किंमत वर्षाला जितकी वाढेल असं वाटतं तितकी वजा करा. जे उरेल ते भाड्यासमोर ठेवा. मी हे कागदावर, हाताने लिहायला लावतो. मोबाइलवर चार आकडे टाकून दोन मिनिटांत निकाल मागणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. किंमत किती वाढेल हा आकडा तिथे कुठून आला, हेही त्यांनी पाहिलेलं नसतं.

दुसरी चूक याहून महाग पडते: त्या घरात किती वर्षं राहणार, हे न ठरवता घेणं. माझ्या ओळखीतलं एक जोडपं पहिल्याच भेटीत टोकन देऊन मोकळं झालं. पाचव्या वर्षी तिची दुसऱ्या शहरात बदली झाली. घर भाड्याने द्यावं, तर भाड्यातून अर्धा हप्ताही सुटेना. विकायला काढलं, पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत नव्या शहरातलं भाडं आणि जुन्या घराचा हप्ता, दोन्ही चालू. शेवटी घेतलं त्यापेक्षा थोड्या जास्त किमतीला विकलं गेलं. दलाली देऊन, उरलेलं कर्ज फेडून हातात आलं, ते डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि फर्निचर मिळून घातलेल्या रकमेपेक्षा कमी होतं. "मग पाच वर्षं भरलेले हप्ते गेले कुठे?" असं तिने मला विचारलं. घर चांगलं होतं, भावही वाजवी होता, वर्षं कमी पडली. खरेदी-विक्रीचा एकरकमी खर्च भरून निघायला वेळ लागतो. पुढच्या पाच-सात वर्षांचा भरवसा नसेल, तर मी भाड्यानेच राहा म्हणतो.

भरवसा आहे असं वाटत असेल, तरी आधी सहा महिने एक करून बघा. होणारा हप्ता आणि आजचं भाडं यांतला फरक दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. हे जमलं नाही, तर हप्ताही झेपणार नाही. भाड्याने राहणं फायद्याचं म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फरक खर्चून टाकला तर फायदा कागदावरच राहतो.

"दहा वर्षांत किंमत दुप्पट" ऐकून हुरळू नका. दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के, तेही खर्च वजा न करता.

सगळी शिल्लक डाउन पेमेंटला घालू नका. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असलाच पाहिजे.

पुढच्या पगारवाढीच्या जोरावर आजचा हप्ता ठरवू नका.

आणि व्याजदर बदलता असेल तर बँकेत आधीच विचारा, दर वाढला की हप्ता वाढणार की मुदत? वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच 9 चा 10 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर 20 वर्षांचं कर्ज फिटायला 26 वर्षं लागतात.