पर्ल: दोन गोदामांचा साठा एकच कसा?
पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये दोन गोदामांचा साठा कायम सारखाच यायचा. डेटा डंपरने (डेटा आतपर्यंत उलगडून छापणारं मॉड्यूल) साठ्याचा हॅश, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा संग्रह, छापून पाहिला, तर प्रत्येक गोदामाच्या आतल्या हॅशच्या जागी दोन्हीकडे नुसतं 'चालू'. कुणीतरी गोदामाची स्थिती थेट गोदामाच्याच कीवर ठेवली होती. स्ट्रिक्ट (पर्लचे कडक नियम) लावलेलं नसल्याने पर्लने त्या स्ट्रिंगला सिम्बॉलिक रेफरन्स, म्हणजे व्हेरिएबलचं नाव, मानलं, 'चालू' नावाचा ग्लोबल हॅश गुपचूप बनवला आणि दोघांचे आकडे त्यातच कोंबले. डंपरला तो दिसणार कुठून!

पूर्ण स्ट्रिक्ट लावलं असतं तर न जाहीर केलेल्या व्हेरिएबल्सचीच बोंब झाली असती. म्हणून फक्त 'यूज स्ट्रिक्ट रेफ्स' लावलं, म्हणजे सिम्बॉलिक रेफरन्स रोखणारा तेवढाच नियम. स्क्रिप्ट नेमकी त्या ओळीवर अडली. स्थितीला वेगळी की दिली, आकडे सुटे झाले.

जाता जाता: आतली की 'एक्झिस्ट्स'ने (की आहे का ते सांगणारं फंक्शन) नुसती तपासली तरी मधली पातळी आपोआप तयार होते. आधी बाहेरची तपासा.