डायपर गळतो कुठून ते आधी बघा: बरोबर माप निवडण्यापासून नीट बांधण्यापर्यंत

डायपर गळला की आपण कंपनी बदलतो. म्हापशाच्या बाजारात किंवा फोंड्याच्या फार्मसीत जाऊन थोडं महागडं पाकीट आणतो आणि तोही गळतो. बहुतेक वेळा दोष कंपनीचा नसतोच. माप चुकलेलं असतं, नाहीतर मांडीकडची झालर आत दुमडलेली असते.

आधी वजन, मग मांडी

पाकिटावर वय छापलेलं असलं तरी ते सोडून द्या, वजन बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला आरोग्य केंद्रात वजन करून कार्डावर लिहून देतात, तो आकडा हाताशी ठेवा. मधल्या काळात घरच्या डिजिटल काट्यावर आधी बाळाला घेऊन उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. शंभर-दोनशे ग्रॅमच्या फरकाने काही बिघडत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक डायपरची मापं साधारण अशी असतात: न्यू बॉर्न 5 किलोपर्यंत, एस 4 ते 8, एम 7 ते 12, एल 9 ते 14, एक्सएल 12 ते 17 किलो. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून पाकीट उलटून बघावंच. घोळ होतो तो जिथे दोन मापं एकमेकांत शिरतात तिथे. साडेसात किलोच्या बाळाला एसही चालतो आणि एमही. अशा वेळी मांड्यांकडे बघा. वळ्या पडणाऱ्या भरल्या मांड्या असतील तर एम घ्या. बाळ लांबट, सडपातळ असेल तर एस आणखी काही आठवडे चालेल.

लहान पडलेला डायपर ओळखणं सोपं आहे. टेप जेमतेम पोटाच्या कडेला पोचतो, मागचा काठ कमरेच्या खाली राहतो आणि जांघेत उठलेले लाल वळ डायपर काढून वीस मिनिटं झाली तरी जात नाहीत. मोठा डायपर मात्र पटकन लक्षात येत नाही, कारण बाळ त्यात आरामात दिसतं. दोन्ही टेप समोर एकमेकांवर चढत असतील किंवा मांडीशी बोट सहज आत-बाहेर होण्याइतकी फट असेल, तर तो मोठाच आहे. ‘एक माप मोठं घेऊ, जास्त दिवस पुरेल’ हा झबल्यांचा हिशेब इथे लावू नका. झबलं सैल असलं तरी चालतं, डायपर सैल असला की गळतो.

टेपवाला की पँट?

टेपवाला कमरेशी दोन्ही बाजूंनी चिकटवायचा, पँट चड्डीसारखी पायांतून चढवायची. पहिले दोन-तीन महिने टेपवाला बरा. दिवसात आठ-दहा वेळा बदलायचा असतो, आणि बाळाला झोपलेलंच ठेवून तो उघडता येतो. नाळ सुकून पडेपर्यंत पुढचा काठ बाहेरच्या बाजूला दुमडून नाळेच्या खाली ठेवता येतो. दुकानात पुढे लावलेली पाकिटं बहुधा पँटचीच असतात, त्यामुळे टेपवाला मुद्दाम मागून घ्यावा लागतो. बाळ पालथं पडायला, रांगायला लागलं की टेप लावताना झटापट सुरू होते. तेव्हा पँटकडे वळा.

नवं माप किंवा नवी कंपनी घेताना मोठं पाकीट उचलू नका. एक-दोन नगांची छोटी पाकिटं मिळतात, ती आणा. एका नगावर घरीच चाचणी घेता येते. 150 मिलि कोमट पाण्यात चहाचा पाव चमचा मीठ विरघळवा, डायपरच्या मध्यभागी हळूहळू ओता, पाच मिनिटं थांबा आणि वर कोरडा टिश्यू ठेवून तळव्याने दाबा. टिश्यू जवळजवळ कोरडा राहिला तर शोषण चांगलं. मीठ विसरू नका. डायपरमधली पावडर साधं पाणी भरपूर पिते, पण क्षार असलेलं पाणी त्या मानाने बरंच कमी शोषते, आणि लघवीत क्षार असतातच. साध्या पाण्याने चाचणी घेतली तर कुठलाही डायपर उत्तम वाटेल.

बांधताना

1. कंबर आणि जांघा आधी कोरड्या पुसा. खोबरेल तेलाने मालीश झालं असेल तर आंघोळीनंतरही कमरेवर तेल राहतं. ते बांधताना बोटांना लागतं, बोटांवरून टेपला, आणि मग टेप धरत नाही. पावडरनेही तसंच होतं. रॅशचं क्रीम पातळ लावा. जाड थर डायपरच्या वरच्या जाळीला चिकटतो आणि शू आत जिरत नाही.
2. डायपर उघडून जरा ताणा, म्हणजे आतल्या दोन उभ्या झालरी वर उठतील.
3. मागचा काठ पुढच्यापेक्षा थोडा वर, कमरेच्या वरपर्यंत घ्या. शी पाठीवर चढते ती बहुधा हा काठ खाली राहिल्यामुळे.
4. मुलगा असेल तर शूची जागा खालच्या दिशेला करून मगच पुढचा भाग वर आणा.
5. दोन्ही टेप सारख्या अंतरावर लावा. पोट आणि डायपर यांच्यामध्ये दोन बोटं बसली पाहिजेत. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, तेवढी जागा हवी.
6. शेवटी दोन्ही जांघांतून बोट फिरवून बाहेरची झालर बाहेर काढा. पाच सेकंदांचं काम आहे, पण बहुतेक गळती इथेच थांबते. पँट चढवल्यावरही हे करायचंच.

तरीही गळला तर

डाग कुठे पडला ते बघून मगच काय बदलायचं ते ठरवा.

मांडीच्या बाजूने, एकाच अंगाने गळतंय: त्या बाजूची झालर आत दुमडली आहे, किंवा टेप तिरका लागला आहे. दोन्ही बाजूंनी गळत असेल आणि डायपर फारसा भरलेलाही नसेल, तर माप मोठं आहे. बाळ कुशीवर झोपत असेल तर शू खालच्या अंगाला साचते. रात्री तेवढा एक माप मोठा घालून बघायला हरकत नाही, पण मांडीशी फट राहता कामा नये.

पोटाकडून, झबल्याचा पुढचा भाग भिजतो: मुलगा असेल तर चौथी पायरी राहिली. नाहीतर पुढचा काठ खाली बांधला गेला आहे.

पाठीकडून शी बाहेर येते: निव्वळ दुधावरच्या बाळाची शी पातळ असते, जोरात येते. त्यात डायपर लहान पडत असेल तर तिला वरच वाट मिळते. एक माप वाढवा.

डायपर गच्च भरून लोंबतोय आणि चहूकडून ओल: हा वेळेचा प्रश्न आहे, मापाचा नाही. तान्ह्या बाळाचा दर दोन-तीन तासांनी आणि मोठ्याचा तीन-चार तासांनी बदला. शी झाली की लगेच. मधली पिवळी रेघ निळसर किंवा हिरवी झाली म्हणजे शू झाली, इतकंच. तेवढ्यावर डायपर भरला असं होत नाही. अतिच भरला की कधी कधी अंगाला साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे चिकटलेले दिसतात. ती आतली शोषक पावडर फुगून बाहेर आलेली असते. पाण्याने धुऊन टाका, घाबरायचं कारण नाही.

बसल्यावरच गळतो: दाबामुळे शोषलेलं पाणी थोडं परत वर येतं. फोंड्याहून मडगावला निघालात आणि बोरी पुलाजवळ रांगेत अडकलात, की मांडीवर किंवा कार सीटमध्ये बसलेल्या बाळाचं नेमकं हेच होतं. निघायच्या आधी बदला, मग डायपर अर्धा भरलेला का असेना.

आपल्या हवेत

जूनपासून लंगोट वाळत नाहीत, म्हणून पावसाळ्यात आपल्याकडे डायपरचा वापर वाढतो आणि तक्रारीही वाढतात. त्यातली एक तक्रार खोटी असते. चांगल्या डायपरचं बाहेरचं आवरण वाफ बाहेर सोडतं, त्यामुळे दमट हवेत ते बाहेरून गार, ओलसर लागतं. ही गळती नव्हे. खात्री करायची तर बाहेरून कोरडा टिश्यू दाबून धरा. त्यावर ओला डाग उमटला तरच गळती.

उघडं पाकीट कपाटात तसंच ठेवू नका. शोषक पावडर हवेतली ओलही ओढून घेते आणि कागदाच्या लगद्याला कुबट वास येतो. तोंड घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी तासभर तरी बाळाला उघडं ठेवा, खाली रबरी चादर आणि दुपटं घाला. जांघेच्या वळीत गडद लाल पट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, किंवा साधा रॅश दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर क्रीम बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. ते बुरशीचं असू शकतं, आणि त्याचं औषध वेगळं असतं.

काढल्यानंतर

पँट खाली ओढून काढू नका, पाय बरबटतात. दोन्ही बाजूंची शिवण फाडा, शी संडासात झटका, डायपर पुढून मागे गुंडाळा आणि पाठीमागची पट्टी ओढून बंद करा. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवा आणि कचरा न्यायला येणाऱ्यांना वेगळाच द्या. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मिसळला तर तो त्यांना हाताने वेचावा लागतो. संडासात तर टाकूच नका. डायपर पाण्यात फुगतो, पाइप तुंबतो आणि भर पावसात सेप्टिक टँक उघडायची पाळी येते. परसात माडाच्या झावळ्यांबरोबर जाळायचीही सवय काही घरांत आहे. आत-बाहेर प्लास्टिक असल्यामुळे तो धूर घरातच, बाळापर्यंत येतो.