मोकळ्या पाळीवर नाव कोणाचे लावायचे?

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा होनग्यात तीन पाळ्यांत चालणाऱ्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) अथवा मशीन शॉपमध्ये पाळ्यांचा तक्ता कितीही विचाराने केला, तरी आठवड्यात दोन-चार जागा खाली राहतातच. कोणी आजारी पडतो, कोणाच्या घरी बारसे असते, कोणी न सांगता खाडा करतो. अशा खाली जागेला या लेखात मोकळी पाळी म्हटले आहे. ती आपल्याला मिळावी म्हणून कामगार जी मागणी करतात ती कशी घ्यावी, कोणाची मंजूर करावी आणि कोणाची नाकारावी, एवढाच येथे विषय आहे. टाईम ऑफिसात, म्हणजे हजेरी व पाळ्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की माणूसच मिळत नाही असे दिवस वर्षात थोडे असतात. एरवी एका जागेला चार जण तयार असतात, आणि खरी कसोटी लागते ती नाकारलेल्या तिघांशी कसे वागावे यात.

कोणत्या जागा खाली होणार याचा अंदाज बऱ्याच अंशी आधी बांधता येतो. येळ्ळूर, उचगाव, खानापूर तालुका आणि सीमेपलीकडचा चंदगड या भागांतून येणारे कामगार जुलैत भाताच्या लावणीला आणि दिवाळीच्या सुमारास सुगीला रजा मागणार, हे ठरलेले आहे. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला ऊसतोड लागली की तो चार दिवस येत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेची पौर्णिमा, गणपतीचे अकरा दिवस, बेळगावात तिथीप्रमाणे होणारी शिवजयंती आणि तिची रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक, शिवाय गावोगावच्या लक्ष्मीयात्रा, हे सारे दिनदर्शिकेवर जानेवारीतच लाल शाईने खुणावून ठेवावे. अशा दिवसांच्या मोकळ्या पाळ्या पंधरा दिवस आधी जाहीर केल्या तर मागण्या शांतपणे येतात आणि त्यांचा निर्णयही शांतपणे करता येतो. आदल्या रात्री जाहीर केलेल्या पाळीवर विचार करायला ना कामगाराला वेळ मिळतो, ना सुपरवायझरला.

जाहीर करताना मजकूर अपुरा राहिला तर पुढचे सगळे बिघडते. "उद्या फेटलिंगला (ओतलेल्या वस्तूवरचा जादा धातू घासून काढण्याला) माणूस पाहिजे" एवढे लिहून भागत नाही. सूचना अशी असावी: "शुक्रवार, दुसरी पाळी, दुपारी २ ते रात्री १०. फेटलिंग विभाग, ग्राइंडर चालवता येणारे दोन जण. आठवड्याचे तास भरलेल्यांना ओव्हरटाईम लागू. नाव बुधवारी दुपारी ४ पर्यंत टाईम ऑफिसात द्यावे. निर्णय गुरुवारी सकाळी ११ वाजता फलकावर लागेल." यातील शेवटची दोन वाक्ये बहुतेक ठिकाणी गळतात, आणि नेमका त्यांच्यावाचून गोंधळ होतो. हाच मजकूर मराठीत आणि कानडीत, दोन्ही भाषांत लावावा. बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत सूचना लावाव्यात हा १९४८ च्या कारखाना कायद्याचा दंडक होताच. पण आपल्याकडे एकाच भट्टीवर एक जण कडोलीचा आणि दुसरा गोकाकचा असतो, तेव्हा एका भाषेतली सूचना म्हणजे निम्म्या माणसांना उशिरा मिळालेली सूचना होय.

मागणी कोठे द्यायची याची जागा एकच असावी. पूर्वी मी जेथे काम करत होतो त्या एका कारखान्यात व्हॉट्सॲपच्या गटावर पाळी टाकली जाई आणि खाली "मी येतो", "मी पण", अंगठ्याचे चिन्ह अशी उत्तरे येत. एका शनिवारी रात्रपाळीच्या एका जागेसाठी तिघे जण डबे घेऊन फाटकावर हजर झाले. त्यातील एक खानापूर तालुक्यातून शेवटच्या बसने आला होता, आणि परत जायला सकाळपर्यंत गाडी नव्हती. त्याला रात्रभर वॉचमनच्या खोलीत बसवून सकाळी अर्ध्या दिवसाचा पगार दिला, पण पुढचे दोन महिने त्याने एकाही पाळीला नाव दिले नाही, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. व्हॉट्सॲप वापरायला हरकत नाही. मात्र त्या गटावर फक्त ॲडमिननाच संदेश टाकता येतील अशी सेटिंग ठेवावी, आणि नावे एका ठरलेल्या नंबरवर किंवा टाईम ऑफिसातील वहीतच घ्यावीत. नाव नोंदले की "तुमची मागणी मिळाली, निर्णय गुरुवारी" असे उत्तर लगेच द्यावे. मागणी मिळणे आणि पाळी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका ओळीने स्पष्ट होते.

ज्या कंपन्या मायक्रोसॉफ्ट टीम्समधील शिफ्ट्स (पाळ्यांचा तक्ता लावण्याची सोय) वापरतात, त्यांच्याकडे ही विभागणी आधीच केलेली असते. मोकळी पाळी विशिष्ट गटाखाली टाकायची, किती जागा आहेत ते लिहायचे आणि तक्ता टीमला शेअर करायचा. शेअर केल्याशिवाय कामगाराला ती पाळी दिसत नाही, हे नवा सुपरवायझर हमखास विसरतो. कामगाराची विनंती व्यवस्थापकाकडे जाते, आणि ती मंजूर किंवा नामंजूर करताना सोबत दोन शब्द लिहिता येतात. ते दोन शब्द लिहावेत. बाकी शंभरापर्यंत माणसे असलेल्या कारखान्याला रेघा ओढलेली जाड वही पुरते, आणि वीज गेली तरी ती उघडते.

निवड करताना

नावे आल्यावर पहिली चाळणी तासांची लावावी. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८ च्या कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही सर्वसाधारण मर्यादा तीच आहे. त्यापुढचे काम म्हणजे ओव्हरटाईम, त्याला दुप्पट दराने मजुरी आणि कामगाराची संमती आवश्यक. हिशेब साधा आहे. समजा एखाद्याची आठ तासांची मजुरी ६०० रुपये आहे, म्हणजे तासाला ७५; त्याने ४८ तास भरल्यावर आठ तासांची मोकळी पाळी घेतली तर १,२०० रुपये द्यावे लागतील. त्याच पाळीला आठवड्यात एक खाडा झाल्यामुळे ४० तासच भरलेला कामगार आला तर ६०० रुपयांत काम होते. मालक साहजिकच दुसऱ्याला द्या म्हणतो. मात्र हा नियम डोळे झाकून लावला तर खाडा करणाऱ्याला पाळी आणि नियमित येणाऱ्याला नकार, असा उलटा न्याय होतो. म्हणून तास कमी का भरले ते पाहावे: मंजूर रजा किंवा आजारपण असेल तर प्राधान्य द्यावे, न सांगता केलेला खाडा असेल तर देऊ नये. तिमाहीत किती तास ओव्हरटाईम चालेल याची मर्यादा कर्नाटकाने २०२३ च्या दुरुस्तीने ७५ वरून १४५ तासांवर नेली होती. हा आकडा टोकाची हद्द म्हणून वाचावा. दर तिमाहीत तेवढे भरून काढायचे उद्दिष्ट म्हणून वाचू नये.

दुसरी बाब झोपेची. दुसरी पाळी रात्री १० ला सुटते आणि पहिली सकाळी ६ ला लागते, म्हणजे कागदावर आठ तासांचे अंतर दिसते. पण माणूस जांबोटीच्या बाजूचा असेल तर घरी पोहोचून जेवायला साडेअकरा होतात आणि पहाटे साडेचारला त्याला पुन्हा उठावे लागते. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसपाशी, ओतकामाच्या लॅडलजवळ (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याजवळ) किंवा क्रेनवर पाच तास झोपलेल्या माणसाला उभे करणे हा धोका आहे, मग त्याची कितीही इच्छा असो. दोन पाळ्यांत किमान बारा तासांचे अंतर हा आमचा स्वतःचा नियम आहे. "डबल मारतो साहेब, सवय आहे" असे सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, नियमाच्या कागदाकडे बोट दाखवावे.

सीमाभागातली एक खास गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी करून त्याच दिवशी बेळगावात दुसऱ्या पाळीला नाव देणारे कामगार असतात. शिनोळी महाराष्ट्रात आहे, हजेरी वेगळी, मालक वेगळा. त्यामुळे कोणाला कळणार नाही असे त्यांना वाटते. एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी त्याच कामगाराला दुसऱ्या कारखान्यात कामावर घेऊ नये, ही तरतूद जुन्या कायद्यात होती, आणि नव्या संहितेत ती आधीच्या बारा तासांत अन्यत्र काम केलेल्याला घेऊ नये अशी आहे. राज्याची हद्द ओलांडल्याने तिच्यात फरक पडत नाही. मागणीच्या वहीत "आज अन्यत्र काम केलेले नाही" असा रकाना ठेवून त्यापुढे सही घेणे हा साधा उपाय आहे.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीची पाळी कोणी मागितली, तर बदली सुट्टी कोणत्या तारखेला मिळेल हे मंजुरीच्या वेळीच लिहावे. ती सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते, आणि "नंतर बघू" म्हटलेली सुट्टी कधीच येत नाही. स्त्री कामगारांच्या बाबतीत संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वीच्या कामाला संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. दुसरी पाळी ही काही रात्रपाळी नव्हे, असे म्हणून या अटीकडे दुर्लक्ष होते, पण ही पाळीही रात्री १० ला सुटते. तेव्हा घरी पोहोचवणारी गाडी ठरल्याखेरीज ती मागणी मंजूर करू नये. गाडी नाही म्हणून स्त्रियांना सरसकट नाकारणे मात्र सोयीचे असले तरी योग्य नाही. दोन-तीन जणींच्या मागण्या एका मार्गावर जुळल्या तर गाडीचा खर्च परवडतो.

यानंतर कौशल्य पाहावे. कोणाला काय येते याची यादी, म्हणजे मोल्डिंग, कोअर, मेल्टिंग, ग्राइंडर, व्हीएमसी (संगणकाने चालणारे धातू कापण्याचे यंत्र), क्रेन, सुपरवायझरने सही करून टाईम ऑफिसात दिलेली असावी. ऐनवेळी फोन करून "याला येतं का हो?" असे विचारले की उत्तर मैत्रीवर अवलंबून राहते.

एवढ्या चाळण्यांतून दोन-तीन नावे उरली तर पाळी कोणाला द्यायची? जो आधी बोलला त्याला, ही रीत दिसायला सरळ आहे, पण ती मला पटत नाही. संदेश पडतो तेव्हा एक जण यंत्रावर असतो आणि त्याचा मोबाईल लॉकरमध्ये असतो, दुसरा घरी लोळत असतो. पळत कोण आधी पोहोचला यावर रोजगार ठरू नये. त्याऐवजी ज्याने मोकळी पाळी सर्वांत जास्त दिवसांपूर्वी घेतली असेल त्याचा नंबर आधी, असा फेरा ठेवावा. तारीख सारखीच असेल तर चिठ्ठी टाकावी, तीही सर्वांसमोर. सेवाज्येष्ठतेचा आग्रह जुने कामगार धरतात. तो मान्य केला की नव्या पोरांच्या वाट्याला फक्त गणपतीच्या विसर्जनाची रात्र येते.

नकार कसा द्यावा

नकार वेळेवर, कारणासह आणि लेखी द्यावा. "तुमचा नंबर लागला नाही" हे कारण नव्हे. "या आठवड्यात तुमचे ४८ तास भरले आहेत आणि दुसऱ्याचे ४० आहेत", "तुमची दुसरी पाळी रात्री १० ला सुटते, बारा तासांचे अंतर राहत नाही", "तुम्ही १२ तारखेला पाळी घेतली होती, यांनी गेल्या महिन्यात एकही घेतलेली नाही": अशी वाक्ये द्यावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला ती तपासून पाहता येतात. कारण सांगायची लाज वाटत असेल, तर निवडीत कोठेतरी वशिला शिरला आहे असे समजावे. मामाचा मुलगा, गावातला मंडळाचा कार्यकर्ता, साहेबांच्या घरी दूध घालणारा, अशी नाती लहान कारखान्यात असणारच. फलकावर कारण लिहायचे आहे हे माहीत असले की सुपरवायझरचाही त्यांच्यापासून बचाव होतो. नकार मिळालेल्याचे नाव वहीत वेगळ्या रकान्यात लिहावे आणि पुढच्या फेऱ्यात कौशल्य व तास जुळत असतील तर ते वर घ्यावे. वयाने मोठ्या कामगाराला नकार फलकावर लागण्याआधी बाजूला बोलावून "मामा, या खेपेला असं झालं" एवढे सांगितले तर पुष्कळ फरक पडतो.

मंजुरीनंतर

मंजूर झालेली पाळी परस्पर दुसऱ्याला देता येणार नाही, हे मंजुरीच्या चिठ्ठीवरच छापावे. भाऊ भावाच्या जागी उभा राहतो, हजेरी एकाच्या नावावर आणि हात दुसऱ्याचा यंत्रात, अशा स्थितीत बोट गेले तर अपघाताची नोंद, विमा आणि भरपाई यांतील प्रत्येक कागद खोटा ठरतो. अदलाबदल करायची असल्यास दोघांनी येऊन सही करावी आणि दुसऱ्यालाही त्याच चाळण्या लावाव्यात. ठेकेदाराच्या माणसाने मोकळी पाळी मागितली तर ती ठेकेदाराच्या सुपरवायझरमार्फत घ्यावी आणि त्याच्या मस्टरवर (हजेरीपटावर) त्याच दिवशी चढली की नाही ते पाहावे.

रात्री साडेनऊला फोन येतो की दहाच्या पाळीचा मेल्टर (भट्टीवर धातू वितळवणारा) येत नाही, तेव्हा हा सगळा क्रम पाळायला वेळ नसतो. त्यासाठी दर आठवड्याला विभागवार दोन राखीव नावे आधीच संमतीने ठरवून ठेवावीत, आणि त्यांच्यापैकी कोणी जवळ, म्हणजे अनगोळ-वडगावात राहणारा असावा. राखीव कोणीच मिळाला नाही तर सुटणाऱ्या पाळीतल्या माणसाला थांबवून ठेवण्यापेक्षा त्या रात्रीची एक भट्टी कमी लावावी. मालकाला हे आवडत नाही, पण त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशीच्या रिजेक्शनचा, म्हणजे खराब ठरलेल्या मालाचा, आकडा ठेवला की तो ऐकतो.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वही उघडून तीन गोष्टी मोजाव्यात: कोणाला सर्वांत जास्त पाळ्या गेल्या, कोणाला सर्वांत जास्त नकार मिळाले, आणि कोणी नाव देणेच बंद केले. तिसऱ्या यादीतल्या माणसांना बोलावून कारण विचारावे. बस नाही, कानडी सूचना समजली नाही, गेल्या वेळचा ओव्हरटाईम पगारात आलाच नाही, अशी उत्तरे मिळतात, आणि त्यातले ओव्हरटाईमचे काम त्याच दिवशी पगार विभागाकडे जाऊन निस्तरावे.