पिवळा थेंब दिसला की काय करायचं

गेल्या हिवाळ्यात अंबडहून भाचीचा रात्री साडेदहाला फोन आला. सातवा महिना लागलेला. आवाज घाबरलेला. "मावशी, गाऊनवर पिवळा चिकट डाग पडलाय. छातीतून येतंय. काही बिघडलं का?"

मी ३१ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात परिचारिका होते, आता नाशिकरोडला घरी असते. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: काही बिघडलेलं नाही. तो चीक आहे, म्हणजे बाळासाठी येणारं पहिलं दाट दूध.

साधारण सोळाव्या आठवड्यापासूनच छातीत चीक तयार व्हायला लागतो. कुणाचा गळतो, कुणाचा शेवटपर्यंत एक थेंबही दिसत नाही. न गळणारीला दूध कमी येईल असं मुळीच नसतं. रंग पिवळा, केशरी, कधी नुसता पाण्यासारखा. गळत असेल तर जुन्या सुती साडीची किंवा मलमलची घडी आत ठेवा आणि ओली झाली की बदला. दाबून बघू नका. बोंडं चोळली की गर्भाशय आवळतं, त्यामुळे ज्यांना दिवस भरायच्या आधी कळा येण्याचा धोका सांगितलाय त्यांनी तर अजिबात हात लावू नये. काळ्या वर्तुळावर बारीक पुळ्या उठतात, त्यांतून तेलकट द्रव येऊन त्वचा मऊ राहते. साबण घासून तो घालवू नका, साधं पाणी पुरतं. गरोदरपणी रक्त आलं, गाठ लागली किंवा एकच बाजू लाल होऊन ताप आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता चिकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते आणि ती माझ्याही बाबतीत झाली.

१९८८ साली माझं पहिलं बाळंतपण निफाड तालुक्यात माहेरी झालं. तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते. बाळंतपण करायला आलेल्या बाईंनी माझा चीक पिळून जमिनीवर टाकला. "जड असतो, पोराला पचत नाही." तीन दिवस बाळाला मध आणि पाणी घातलेलं गाईचं दूध. चौथ्या दिवशी बाळाला जुलाब लागले आणि माझी छाती दगडासारखी होऊन ताप भरला. त्याच आठवड्यात गोठ्यातली गाय व्याली होती. वासरू अजून लटपटत होतं, गाईची वार (प्लॅसेंटा) पडायची होती, आणि वडिलांनी त्याचं तोंड धरून सडाला लावलं. तासाभरात चीक गेला नाही तर वासरू धरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. उरलेल्या चिकाचा आईने वेलची घालून खरवस केला. मी तो अंथरुणात बसून खाल्ला, आणि माझ्या बाळाच्या वाट्याचा चीक जमिनीत मुरला होता. हे मी विसरू शकलेले नाही.

वासराला आईच्या पोटात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते. माणसाच्या बाळाला बरीचशी वारेतून मिळते. पण त्याच्या कोवळ्या आतड्याला आतून लेप लागावा तसं संरक्षण चीकच देतो. त्यात प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व भरपूर. पोटातली काळी, डांबरासारखी शी बाहेर काढायचं कामही तोच करतो. जड तर तो अजिबात नाही.

मग करायचं काय? बाळ जन्मलं की पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दुपटं, आणि पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. सिझेरियन असलं तरी आई बहुतेकदा शुद्धीत असते, जमतं. मात्र आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. मध, घुटी, साखरपाणी काही चाटवू नका. मधातल्या जंतूंनी वर्षाखालच्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. पाचवीला सटवाईपुढे मध ठेवा, बाळाच्या जिभेवर नको.

"दूधच नाही हो सिस्टर, नुसते थेंब येतात." हे वाक्य मी रोज ऐकलं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी २ ते १० मिलीच लागतं, म्हणजे चहाचा अर्धा ते दोन चमचे. थेंब पुरतात. याच वेळी कुणीतरी पावडरचा डबा आणतं आणि सगळं बिनसतं. पावडर आणि बाटलीच्या जाहिरातीला, फुकट नमुने वाटायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

बाळ ओढत नसेल, झोपाळू असेल, तर चीक हाताने काढा. स्टीलची वाटी-चमचा उकळून घ्या, हात साबणाने धुवा. छातीवर कोमट फडकं ठेवून हलक्या हाताने गोल फिरवा. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेला. आधी आत बरगड्यांकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायचं. दाब, आवळ, सोड. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही. मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथे बायका सोडून देतात. थांबू नका. आधी टोकावर मधासारखा एक घट्ट मणी उभा राहतो, मग दुसरा. तो थेट चमच्याच्या कडेने टिपा, मोठ्या वाटीत काढाल तर निम्मा वाटीलाच चिकटेल. धार मंदावली की बोटांची जागा बदला. बाळाला उभट धरून चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला चाटू द्या, घशात ओतू नका. घरात बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची छोटी वाटी) असेल तर तेही चालतं, उकळून.

चीक गुलाबी किंवा गंजल्या पाण्यासारखा आला तर घाबरू नका. पहिलटकरणीत आतल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे असं होतं आणि थोड्या दिवसांत थांबतं. बाळाला पाजता येतं. आठवड्यानेही थांबलं नाही तर दाखवा.

वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक एकदम उतरतं आणि दूध वाढायची वाट मोकळी होते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरते. सिझेरियन, मधुमेह, जास्त रक्तस्राव, पहिलं बाळंतपण यांत थोडा उशीर होतो. वारेचा तुकडा आत राहिला तरी दूध अडतं, म्हणून चौथा दिवस उलटूनही छाती हलकीच असेल तर तपासून घ्या. तोवर चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजत राहा, रात्रीसुद्धा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हवं ते खा, पण दूध वाढतं ते बाळ ओढतं आणि छाती रिकामी होते म्हणून. लाडू वळण्यात पाजायची वेळ टळू नये.

छाती गच्च झाली की बाळाला पकड मिळत नाही. पाजायच्या आधी थोडं हाताने काढून काळं वर्तुळ मऊ करा. पाजून झाल्यावर गार फडकं किंवा फ्रिजमधलं कोबीचं पान ठेवा. सुजलेल्या छातीला शेगडीचा शेक नको, जोराची मालीशही नको.

दूध पुरतंय का, हे छातीवरून कळत नाही, लंगोटावरून कळतं. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी. भाचीने पाचवीच्या सकाळी मला पिवळ्या लंगोटाचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही नव्हता. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, तीन किलोच्या बाळाचं दोनशे-तीनशे ग्रॅमपर्यंत, आणि दोन आठवड्यांत भरून येतं.

दोनेक आठवड्यांनी दूध पांढरं, पातळ, कधी निळसर दिसायला लागतं. तेव्हा घरात कुणीतरी "पाणचट झालं" म्हणतंच. ते तसंच असतं. पाजायच्या सुरुवातीला पातळ, शेवटाकडे दाट, म्हणून एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही सहा महिने वरचं पाणी लागत नाही.

गावाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. तिच्यासमोर एकदा पाजून दाखवा, पकड चुकत असेल तर तिथल्या तिथे कळेल. पण बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, पाचव्या दिवसानंतर सहा-आठ तास शू नसेल, पाय-तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा तुम्हाला थंडी वाजून ताप येऊन छातीचा एक भाग लाल झाला असेल, तर आशाताईची वाट बघू नका. रात्र असली तरी निघा. आणि छातीला गाठ-ताप असताना पाजणं बंद करू नका, त्याच बाजूने पाजा.