आर्टिकलशिप कुणाकडे करावी? बेळगावातल्या एका सीएचा अनुभव

२०१४ साली पाडवा नेमका ३१ मार्चला आला होता. आई दारात गुढीची काठी धूत होती आणि मी खानापूरहून बेळगावला जाणाऱ्या पहिल्या बसच्या घाईत होतो. "सणादिवशी कुठं जाऊलास?" तिनं विचारलं. "फाउंड्रीत माल मोजायचाय," म्हटलं. तिनं हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवला, डबा दिला आणि पुढं काही विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेजच्या पुढं गेलेला मी पहिलाच. सीएचं शिक्षण म्हणजे नेमकं काय, हे तिला कसं सांगायचं तेच मला कळत नव्हतं.

आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्यासाठी प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली शिकत करायच्या कामाला, लागून मला आठ महिने झाले होते. उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, सणामुळं भट्टी बंद होती. माल आत-बाहेर होत नव्हता, त्यामुळं मोजणीला ते सोयीचंच होतं. पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड, ते आणि स्क्रॅप काट्यावर वजन करून घेतलं. कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेले भाग, नगावर मोजली. आवारात भिंतीकडेला पंपाच्या हाउसिंगची मोठी रास होती, तीही मोजून 'तयार माल' या सदरात लिहिली. दुपारी सर, म्हणजे मी ज्यांच्याकडं शिकत होतो ते सीए, आले. माझा कागद हातात घेऊन ते त्या राशीपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "यातले किती विकले जाणार?"

मी परत राशीकडं बघितलं. बऱ्याच नगांवर लाल रंगाची फुली होती. सकाळपासून ती मला दिसत होती, पण ती कशाची हे विचारायचं सुचलं नव्हतं. सर काही बोलले नाहीत, सुपरवायझरकडं बोट दाखवलं. विचारलं तर तो म्हणाला, "फुली म्हणजे रिजेक्ट. परत भट्टीत जाणार." म्हणजे त्यांची किंमत तयार कास्टिंगची धरायची नाही, भंगाराची धरायची. 'खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य (विकून हातात येईल ती रक्कम), यांपैकी जे कमी ते' हे वाक्य अकाउंटिंग स्टँडर्ड २ मधून मी तोंडपाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ते खरं समजलं ते त्या लाल फुलीपाशी.

पण शिकवणी तिथं संपली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, "मालकांना हा फरक तूच समजावून सांग." मी वीस वर्षांचा, मालक पन्नाशी ओलांडलेले. त्यांची अडचण खरी होती. बँकेला कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, जे स्टॉक स्टेटमेंट जायचं, त्यात हे नग तयार माल म्हणूनच धरलेले असत. आता आकडा खाली आणला तर बँक विचारणार. ते माझ्यावर चिडले. मी अडखळत, पण कागद पुढं ठेवून बोललो. सर सगळा वेळ शेजारी बसून होते. शेवटी एकच वाक्य म्हणाले, "आमच्या मुलानं मोजलंय, आणि त्याच्या मोजणीवर मी सही करणार आहे."

बस परत खानापूरला पोचेपर्यंत ते वाक्य माझ्या कानात होतं. माझ्या कामावर दुसरा माणूस आपली सही, म्हणजे आपलं नाव आणि आपला परवाना, पणाला लावतो हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. पुढं टीम सांभाळणं, क्लायंटला नको असलेलं सांगणं, करखात्याच्या नोटिशीला उत्तर देणं हे सगळं शिकलो. त्याची सुरुवात मात्र मालकांच्या त्या टेबलावर झाली. म्हणून कुणी विद्यार्थी विचारायला आला की मी त्याला फर्मची नावं सांगत नाही. तुझं काम तपासणारा आणि तपासून झाल्यावर तुला पुढं करणारा माणूस शोध, असं सांगतो.

आता वाट कशी आहे ते थोडक्यात. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा, चार पेपर. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी झाली असेल तर फाउंडेशन न देता थेट इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, नाव घालता येतं. इंटरचे सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के लागतात. ४०-४० मिळवून ग्रुप सुटत नाही, हे पहिल्या प्रयत्नाआधीच नीट समजून घ्या. मी ते निकालानंतर समजून घेतलं. आमच्या वेळी इंटरचा एक ग्रुप सुटला की आर्टिकलशिपला लागता यायचं आणि ती तीन वर्षांची होती. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप सुटावे लागतात आणि आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. त्यापूर्वी आयटी आणि ओरिएंटेशनचा कोर्स करावा लागतो. वर्ष कमी झालं म्हणून मुलं खूश आहेत, पण मला त्यात काळजीची गोष्ट दिसते. तीन वर्षांत एखादं वर्ष चहापाणी आणि फायलिंगमध्ये गेलं तरी दोन उरत. आता तेवढं वाया घालवायला वेळच नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? मुलाखतीत सगळेच चांगलं बोलतात. त्या ऑफिसात आधीपासून असलेल्या मुलांना खाली टपरीवर चहाला गाठा. विचारा, सर शेवटचे कधी रागावले आणि कशावरून? उशिरा येण्यावरूनच रागावत असतील तर तिथं हजेरी तपासली जाते. 'डेटर्सचा (उधारी देणं असलेल्या गिऱ्हाइकांचा) बॅलन्स कन्फर्म न करता टिक मारली म्हणून' असं उत्तर आलं, तर तिथं काम तपासलं जातं. दुसरं, नोटिशीचं उत्तर मुलांना लिहायला देतात का ते विचारा. कच्चा मसुदा तुम्ही करायचा, सरांनी लाल पेनानं त्याच्या चिंध्या करायच्या, हेच खरं शिक्षण. माझा पहिला मसुदा चार पानी होता. सरांनी तो सव्वा पानावर आणला आणि सगळे मुद्दे तरी त्यात होतेच.

पुणं, मुंबई की बंगळूर, हा प्रश्न तर प्रत्येक घरात निघतो. दोन्ही बाजू आहेत. मोठ्या फर्ममध्ये लिस्टेड कंपन्यांचं ऑडिट बघायला मिळतं, ते इथं फारसं मिळणार नाही. पण पुण्याला गेलेल्या माझ्या एका मित्रानं कितीतरी महिने एकाच कंपनीच्या खर्चाची व्हाउचर तपासली. त्याच काळात मी फाउंड्री, शहापूरचा साडीचा व्यापारी, निपाणीकडची तंबाखूची वखार आणि खेड्यातली पतसंस्था एवढं सगळं पाहिलं. प्रत्येक धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठं अडकतो हे जवळून दिसलं. पुढं स्वतःच्या जबाबदारीवर बसायचं असेल तर हे फार उपयोगी पडतं.

आता भाषेविषयी, कारण सीमाभागातल्या मुलाला सगळ्यात आधी हीच भिंत लागते. घरी मराठी, सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि गावच्या सोसायटीचं दप्तर कन्नडमध्ये. मराठी शाळेत मी कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद असं शिकलो होतो. नावे आणि जमा म्हणजेच डेबिट आणि क्रेडिट हे कळायला वेळ लागत नाही, पण इंग्रजीत तीन तास सलग लिहायला लागतो. सरांची पद्धत अशी होती की संध्याकाळी ऑफिस बंद करण्यापूर्वी दहा मिनिटं मी एक कलम त्यांना आधी मराठीत समजावून सांगायचं, मग तेच इंग्रजीत. मराठीत अडखळलो की ते म्हणत, "तुला कळलेलं नाही, इंग्रजीचा दोष नाही." हे मी आजही करतो आणि माझ्याकडच्या मुलांकडून करून घेतो.

कन्नडशी माझी गाठ पडली एका पतसंस्थेच्या ऑडिटला. रजिस्टर कन्नड आकड्यांत, आणि सहा आणि नऊ मला एकसारखेच दिसायचे. तिथले हेडक्लार्क काका कन्नड बोलणारे. त्यांनी माझी वही ओढली, एका ओळीत शून्य ते नऊ लिहून दिले आणि खाली शब्द लिहिले: बड्डी म्हणजे व्याज, साल म्हणजे कर्ज, ठेवणी म्हणजे ठेव. जमा, खर्च हे तर दोन्हीकडं सारखेच. ठेवणी ऐकून मला हायसं वाटलं, आपलाच शब्द थोडा कपडे बदलून बसला होता. आपल्याकडं भाषेवरून जे काही व्हायचं ते होत राहील, त्यावर माझी मतं आहेत आणि मी ती लपवत नाही. पण समोरच्या सभासदाचं दप्तर वाचता येत नसेल तर त्याचा पैसा मी सांभाळू शकत नाही, हेही तितकंच खरं. ज्याला इथं काम करायचंय त्यानं कन्नड वाचायला शिकावंच. ती वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

नापास होण्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जानेवारी २०१७ मध्ये फायनलचा निकाल आला आणि माझे दोन्ही ग्रुप गेले. आर्टिकलशिप संपली होती, मी त्याच ऑफिसात पगारावर होतो. सरांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाले, उत्तरपत्रिका मागव. मुदतीत अर्ज केला तर इन्स्टिट्यूट आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत देते, हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. प्रती आल्या. दोन रविवार सर माझ्याबरोबर बसले आणि एकेक पान वाचलं. दोष एकच निघाला. निष्कर्ष मी पाचव्या ओळीत लिहीत होतो. "तपासणाऱ्याला उत्तर पहिल्या ओळीत दे, मग कलम, मग कारण," ते म्हणाले. मे महिन्यात एक ग्रुप सुटला, नोव्हेंबरात दुसरा.

या दोन परीक्षांच्या मधेच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेले सर आणि पुरता सीएही न झालेला मी, दोघांच्या पुढ्यात कोरा कायदा. एका सकाळी त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं: "तू वाच आणि मला शिकव." आणि खरंच रोज सकाळी ते वही घेऊन माझ्यासमोर बसू लागले, शंका विचारू लागले. महिन्याभरात रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांची बैठक झाली. बोलायला त्यांनी मला उभं केलं आणि स्वतः मागच्या खुर्चीत बसले.

प्रश्न सगळे सीमेचेच होते. कोल्हापूर, इचलकरंजीहून माल आणणारे कितीतरी. पूर्वी परराज्यातल्या खरेदीसाठी सी फॉर्म दिला की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, आणि त्याची वजावट मिळत नसल्यानं तो खर्चातच जायचा. आता आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागेल, पण त्याचं क्रेडिट मिळेल, हे मी फळ्यावर आकडे मांडून दाखवलं. एकाचं दुकान बेळगावात आणि गोदाम महाराष्ट्रात, चंदगडला. एका नंबरावर चालेल का, त्यानं विचारलं. जीएसटीच्या १५ अंक-अक्षरांच्या नंबरात पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. दोन राज्यं म्हणजे दोन नोंदण्या, आणि स्वतःच्याच दुकानातून स्वतःच्याच गोदामात माल पाठवला तरी तो आंतरराज्य पुरवठा. "माझाच माल, मलाच टॅक्स?" त्यानं आवाज चढवला. मी सवयीनं मागं सरांकडं बघितलं. ते खाली वहीत काहीतरी लिहीत होते, मान वर केली नाही. मग मीच उत्तर दिलं.

बैठक संपल्यावर मी विचारलं, तुम्ही का बोलला नाहीत? ते म्हणाले, "मी बोललो असतो तर पुढच्या वेळी त्यांनी मलाच फोन केला असता." खरोखर दुसऱ्या दिवसापासून फोन माझ्या नावानं येऊ लागले.

आज माझ्याकडं दोन मुलं आर्टिकलशिपला आहेत. त्यांतली एक नंदगडकडची, मराठी शाळेत शिकलेली. गेल्या आठवड्यात तिला एका सोसायटीत एकटीला पाठवलं. दुपारी तिचा फोन आला, "सर, रजिस्टरात सहा आहे की नऊ, कळेना. फोटो पाठवू का?" फोटो पाठवला असता तर मी क्षणात सांगितलं असतं. मी तिला म्हटलं, "ज्यानं लिहिलंय तो तिथंच बसला असेल. त्याला विचार, आणि मग ठेवीच्या पावतीशी ताडून बघ." संध्याकाळी ती वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीची टिपणं, घेऊन आली. नऊ होते. आणि पावती सहाची होती.