उंबराचे फूल पाहायचे असेल तर

वर्षानुवर्षे न भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वास्तविक प्रत्येक उंबरात फुले शेकड्यांनी असतात. मात्र ती फळाच्या पोटात, आतल्या बाजूस तोंड करून दाटीने बसलेली असतात. ती पाहण्यासाठी धारदार पाते, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि काही आठवडे एकाच झाडाकडे फेऱ्या मारण्याची चिकाटी लागते.

झाड परसातले किंवा ओळखीच्यांच्या वाड्यातले निवडावे. 1879 साली सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या बडोद्याच्या कमाटीबागेत, तसेच दत्तमंदिराच्या पारावर, फळे तोडू नयेत. आणि उंबराला पाणथळ काठ मानवतो म्हणून विश्वामित्री नदीच्या पात्राकडे उतरण्याचा मोह तर मुळीच धरू नये, कारण तिथे मगरी आहेत.

एका झाडावरच्या एका बहरातील फळे बहुधा एकाच अवस्थेत असतात, त्यामुळे एका दिवसात सगळे दिसत नाही. दर आठवड्याला दोन फळे काढून, तारीख लिहून, ती देठापासून टोकापर्यंत उभी चिरावीत. टोकाशी खवल्यांनी झाकलेले बारीक द्वार असते. कोवळ्या हिरव्या फळाच्या या खवल्यांत भिंगातून कधीकधी इवलेसे पंख अडकलेले दिसतात: फुलांपर्यंत पोहोचण्यासाठी आत घुसताना मादी गांधीलकीटकाचे पंख तुटतात, आणि तेथेच परागण करून, अंडी घालून ती मरते. (फळावर बाहेरूनच अंडी घालण्याची लांब नळी टोचणारे कीटक दिसले, तर ते परागण न करणारे उपरे समजावेत.)

खरी गंमत पुढची. फळ फुगून किंचित रंगू लागले, पण अजून टणक आहे आणि त्यावर छिद्र पडलेले नाही, असे पाहून ते काचेच्या बरणीत ठेवावे व तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. आत त्या अंड्यांतून वाढलेले बिनपंखांचे फिकट नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मिलन करतात आणि फळाच्या भिंतीत बोगदा कोरतात; त्यातून द्वाराजवळच्या नरफुलांचे पराग घेऊन माद्या निघतात. 'उंबर फोडून केंबरे उडवणे' या वाक्प्रचारातली केंबरी ती हीच. माद्यांचे आयुष्य जेमतेम दिवस-दोन दिवसांचे असते, म्हणून निरीक्षण आटोपताच बरणी झाडाखाली नेऊन उघडावी.